घराकडे बघायला कोण?

८ नोव्हेंबर २०१०, सोमवार

दिवाळी आटोपली. अनिश, सूनबाई रुचिरा आणि नात तनया काल संध्याकाळच्या विमानाने पुण्याला परतले. निघता निघता अनिशने पुन्हा विषय काढला. पुण्यात त्यांच्या दारासमोरचा फ्लॅट फेब्रुवारीत रिकामा होतोय. मालक आपल्याला द्यायला तयार आहे, फक्त जानेवारीअखेर हो की नाही ते सांगायला हवं. "बाबा, तुम्ही दोघं या आता," म्हणाला. मी मनातल्या मनात तेव्हाच सामान बांधलं. दिल्लीत एकतीस वर्षं झाली, त्यातली अकरा द्वारकेच्या या सोसायटीत. पुष्कळ झालं. माझे कॉलेजचे सगळे मित्र पुण्यात आहेत आणि मी इथे भाजीवाल्याशी हिंदीत वाद घालतोय.

आज जेवताना अरुणाला म्हटलं, "मग काय, जायचं ना?" ती फराळाचे डबे पुसत होती. बराच वेळ एकच डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "आणि या घराकडे बघायला कोण?"

प्रश्न रास्त आहे. भाडेकरू ठेवायचा नाही, एवढ्यात विकायचंही नाही. म्हणजे तळमजल्यावरचं घर कुलूप लावून सोडायचं, आणि त्यावर लक्ष ठेवायला काहीतरी हवं. तेहेतीस वर्षं मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. अर्धा किलोमीटर लांब कंट्रोल रूममध्ये बसून बॉयलर सांभाळले. तीन खोल्यांच्या घराचं काय एवढं? अरुणाची अट लिहून ठेवली. कामाला लागतो.

१३ नोव्हेंबर, शनिवार

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन आलो. आता तिथपर्यंत मेट्रो जाते, त्यामुळे बसची कटकट नाही. साधे दोन नेटवर्क कॅमेरे, एक राउटर, केबलचं भेंडोळं आणि केबलला टोकं बसवायचा चिमटा घेतला. रेकॉर्डिंगसाठी अनिशचा माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर चालेल, त्यात फक्त मोठी डिस्क टाकायची. सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं.

दुकानदार तयार संच गळ्यात मारायला बघत होता. "अंकलजी, पूरा सेट ले जाओ, लड़का आके लगा भी देगा." मी म्हटलं, मला स्वतः करायचंय. तो कॅमेरे पिशवीत भरत म्हणाला, "घर में कोई रहता नहीं क्या?" मी म्हटलं, "अभी तो रहते हैं."

१८ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस भिंतीला भोकं पाडतोय. अरुणाने स्टूल धरलं. एकदाच म्हणाली, "पडू नका म्हणजे झालं." पहिला कॅमेरा बाहेर, दाराच्या वर. त्यात फाटक, जिना आणि दारापुढचा उन्हाचा तुकडा येतो. दुसरा आत, हॉलच्या कोपऱ्यात. त्यात सगळा हॉल आणि समोरचं देवघर.

संध्याकाळी पहिलं चित्र आलं. अरुणाला हाक मारली. ती आली आणि स्क्रीनवर आपलंच दार बघत उभी राहिली. "छान दिसतंय हो आपलं दार," म्हणाली. मला वाटलं, काहीतरी तांत्रिक विचारेल. पण ती पोळ्यांना गेली.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

माझा हिशेब साफ चुकला. डिस्क पंधरा दिवस पुरायला हवी होती, चार दिवसांत भरली. सॉफ्टवेअर चोवीस तास चित्रण करत नाही. समोर काही हललं तरच नोंद करतं, आणि अशा प्रत्येक नोंदीला 'घटना' म्हणतं. कुलूपबंद घरापुढे दिवसाला पाचसात घटना व्हाव्यात. काल झाल्या एकशे बारा.

आज सकाळभर बसून त्या एकेक तपासल्या. कारण सापडलं. अरुणा.

साडेदहाला ऊन दारापुढे येतं. अरुणा खुर्ची बाहेर काढते, मग दुसरी, मग तिसरी. वरच्या मजल्यावरच्या खुराना भाभी मटारची पिशवी घेऊन उतरतात. तिसऱ्या मजल्यावरची शगुफ्ता कॉलेजात शिकवते, ती सुट्टीच्या दिवशी विणकाम घेऊन येते. फाटकातून जाणारी प्रत्येक बाई थांबते. दिल्लीची थंडी बायका अशीच घालवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी ऑफिसात असायचो, आणि रिटायर झाल्यापासून आत कॉम्प्युटरपुढे. काल त्यांनी सात किलो मटार सोलले. त्यातल्या एका घटनेत अरुणा इतकी हसते आहे की तिला मांडीवरची परात खाली ठेवावी लागली. एकशे बारांपैकी अठ्ठ्याण्णव घटना तिच्या. चोराला जागाच उरत नाही.

२७ नोव्हेंबर, शनिवार

उपाय सापडला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चित्राचा हवा तो भाग काळा रंगवता येतो. एरवी चित्र दिसत राहतं, पण तिथे काहीही हललं तरी यंत्र दुर्लक्ष करतं. झाडं हलतात म्हणून ही सोय आहे. मी माउसने अरुणाच्या खुर्च्यांची जागा रंगवून टाकली. आज घटना एकोणीस.

जेवताना तिला सांगितलं, "आता कितीही वेळ बस, काळजी नाही. तुझी नोंदच होत नाही."

ती म्हणाली, "ते काय आज सुरू झालंय?" आणि ताक वाढलं. नीट कळलं नाही. पण आवाजात राग नव्हता, त्यामुळे विचारलं नाही.

६ डिसेंबर, सोमवार

अरुणाच्या अटी वाढताहेत, पण प्रत्येक अट मुद्द्याची असते हे मान्य करायला हवं. परवा म्हणाली, "कढीपत्त्याला पाणी कोण घालणार?" बाटल्यांना सलाइनच्या नळ्या जोडून थेंब थेंब पाण्याची सोय केली. काल म्हणाली, "पक्ष्यांच्या भांड्याचं काय?" तेही त्यातच जोडलं. बुलबुल येतात, यंत्राला कळत नाही, कारण तो भागही रंगवलाय.

आज भाजी निवडताना म्हणाली, "आणि तिन्हीसांजेला देवापुढे दिवा? अंधाऱ्या घरात देव ठेवून जायचं?"

मी दोन तास विचार केला. मग बाजारातून वीज चालू-बंद करणारा टायमर आणला. देवघरात छोटा पिवळा बल्ब बसवला. रोज पावणेसहाला लागेल, दहाला विझेल. तिला लावून दाखवला. बल्बकडे बघत म्हणाली, "तुम्हाला प्रत्येकाला उत्तर सापडतं नाही?" एवढं कौतुक तिने रिटायरमेंटच्या दिवशीही केलं नव्हतं.

२१ डिसेंबर, मंगळवार

धुकं. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. ऊन आलं नाही, बैठक भरली नाही. घटना दोन, दोन्ही दूधवाल्याच्या. अरुणा दिवसभर गप्प होती. थंडीमुळे असेल.

२ जानेवारी २०११, रविवार

ठरलं. बारा तारखेला तनयाचा वाढदिवस आहे. आठला निघून दोन आठवडे पुण्यात राहायचं. वाढदिवसही होईल आणि सिस्टिमची खरी चाचणीही. हॉलमध्ये कोणी हललं तर मला ई-मेल येईल अशी सोय केली आहे. ती चालली की फ्लॅटच्या मालकाला हो कळवायला मोकळे.

अनिशला फोनवर हे सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आईचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "तिच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या." तो नुसतं "अच्छा" म्हणाला. त्याला तांत्रिक गोष्टींत पूर्वीपासून रस कमी.

१० जानेवारी, सोमवार, पुणे

चालतंय. अनिशच्या डायनिंग टेबलाशी बसून मी दिल्लीतलं माझं दार बघतो आहे. चित्र दर चार सेकंदांनी एकदा बदलतं, कारण आपल्या ब्रॉडबँडचा वेग तेवढाच. पण दिसतं लख्ख. हवामानाचीही माहिती मिळते: दिल्लीत आज ऊन आहे.

संध्याकाळी बळवंतला भेटलो. चाळीस वर्षांचा दोस्त. बागेतल्या बाकावर तासभर बसलो. तो गुडघ्यांबद्दल बोलला, मी कॅमेऱ्यांबद्दल. मी दोनदा "यार" म्हणालो तर हसायला लागला. म्हणाला, "तू पुरता दिल्लीवाला झालास." घरी येऊन आधी दार बघितलं.

१३ जानेवारी, गुरुवार

वाढदिवस छान झाला. तनयाने आजीला केक भरवला. नवा फ्लॅटही बघितला; हवेशीर आहे, स्वयंपाकघर मोठं. अरुणाने ओट्यावरून हात फिरवला आणि "चांगलं आहे" म्हणाली.

एक आनंदाची गोष्ट नोंदवायला हवी. सिस्टिममध्ये इतके दिवस काडीचा रस न घेणारी अरुणा आता रोज साडेदहाला माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसते. चित्राचा दर्जा तिच्या लक्षात आला असावा. आज रुचिराने अर्धा किलो मटार आणले होते, तेही घेऊन बसली. दहा मिनिटांत संपले. परात मांडीवर तशीच.

स्क्रीनवर खुराना भाभी आल्या. आमच्या भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची त्यांनी उन्हात मांडली. मग दुसरीही मांडली. एकीवर त्या बसल्या, दुसरी रिकामीच होती. जाताना कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यांनी सोललेल्या मटारचं भांडं वर धरून दाखवलं. अरुणा स्क्रीनकडे बघून "हो हो, दिसलं" म्हणाली. मी तिला समजावलं की यातून आवाज जात नाही.

१५ जानेवारी, शनिवार

पावणेसहाला आम्ही दोघं स्क्रीनपुढे. हॉलमध्ये अंधार होत होता. आणि बरोब्बर वेळेला देवघरातला बल्ब लागला. चौदाशे किलोमीटरवरून. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

चित्र इतकं स्पष्ट आहे की अरुणाने लॅपटॉपला हात जोडून नमस्कार केला. शेजारी तनया होती, तिनेही केला. मग विचारलं, "आजी, तिथे घरी कोणी नाही, तर दिवा कोणासाठी लागला?" अरुणाने तिला जवळ घेतलं. उत्तर मीच दिलं, टायमर कसा चालतो ते सांगितलं.

१८ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

पावणेसहाला बल्ब लागला नाही. सहा वाजले. हॉल काळा झाला, कॅमेऱ्याने रात्रीचं करडं चित्र द्यायला सुरुवात केली. चूक माझ्या लगेच लक्षात आली. दुपारी द्वारकेत नेहमीसारखी दोन तास वीज गेली असणार. कॅमेरे आणि कॉम्प्युटर मी इन्व्हर्टरवर घेतले होते, देवाचा दिवा घेतला नव्हता. वीज गेली की टायमरचं घड्याळ थांबतं. म्हणजे दिवा पावणेआठला लागेल. अरुणाला म्हटलं, "दोन तासांचा प्रश्न आहे, लागेल." ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

सहा वाजून बावीस मिनिटांनी लॅपटॉपवर ई-मेल वाजला. हॉलमध्ये हालचाल. दोन महिन्यांच्या मेहनतीतला पहिला खरा इशारा. स्क्रीनवर बघतो तर हॉलमध्ये माणूस. डोक्यावरून काहीतरी घेतलेलं. मी ओरडलो, "अनिश, सोसायटीच्या गार्डला फोन लाव, घरात कोणीतरी शिरलंय."

मागून अरुणा म्हणाली, "बसा. वीणा आहे ती."

चित्र बदललं. खुराना भाभी शाल डोक्यावर घेऊन देवघराकडे चालल्या होत्या. चार सेकंद. त्या वाकल्या होत्या. चार सेकंद. देवघरात उजेड झाला. बल्बचा नव्हे, निरांजनाचा. कॅमेऱ्यालासुद्धा फरक कळला. चार सेकंद. हात जोडलेले. मग त्यांनी टेबलावरून एक बोट फिरवलं, धूळ बघितली, आणि पदार्थ चाखावा तशी मान हलवली. शालीच्या टोकाने टेबल पुसलं.

"त्यांच्याकडे किल्ली कुठून आली?" मी विचारलं.

"तिच्याकडे असतेच," अरुणा म्हणाली. "अकरा वर्षं तिची माझ्याकडे असते, माझी तिच्याकडे."

मला हे माहीत नव्हतं. दोन महिने मी भिंतीला भोकं पाडत होतो आणि घराकडे बघणारी बाई वरच्या मजल्यावर राहत होती. मी विचारलं, "मग तू का म्हणालीस, घराकडे बघायला कोण?"

ती स्क्रीनकडे बघत होती आणि रडत होती. आवाज न करता रडते ती, पूर्वीपासून. रुचिरा तनयाला घेऊन आतल्या खोलीत गेली. त्या गेल्यावर अरुणा म्हणाली, "मला घरी जायचंय." आणि मग, मी काही म्हणायच्या आत, "पुन्हा इथे येण्यासाठी नाही. राहायला. तुम्ही पाण्याची सोय केलीत, दिव्याची केलीत. मला एकदा विचारलं असतंत की तू येतेस का, तर इतकी भोकं पाडावी लागली नसती."

मला राग आला. खरं लिहितो, आधी रागच आला. वाटलं, स्पष्ट सांगायला काय झालं होतं? मग आठवलं की मी "जायचं ना?" असं विचारलं होतं, आणि ते विचारताना सामान बांधून झालं होतं.

१९ जानेवारी, बुधवार

सकाळी फिरून आल्यावर अनिशला सांगितलं की समोरचा फ्लॅट नको. दर वर्षी एप्रिलमध्ये येऊ, दिल्लीचे लूचे गरम वारे संपेपर्यंत राहू. तो चहा पीत होता. त्याला धक्का वगैरे काही बसला नाही.

"आई मला नोव्हेंबरातच फोनवर म्हणाली होती," तो म्हणाला.

"काय?"

"की तिला यायचं नाहीये. पण तुम्हाला इतकं यायचंय, तर मोडता कसा घालू."

"मग तू मला का नाही सांगितलंस? मी दोन महिने कॅमेरे लावत होतो."

अनिशने कप खाली ठेवला. "मी तिला म्हटलं होतं, बाबांना सांगतो म्हणून. ती म्हणाली, राहू दे, लावू देत त्यांना कॅमेरे. त्या निमित्ताने घराकडे बघतील तरी."

मी पुन्हा फिरायला गेलो. बळवंतच्या बागेला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत लक्षात आलं की फ्लॅटला नाही म्हटल्याचं मला फारसं वाईट वाटत नाहीये. साडेदहा वाजत आले होते आणि पाय भराभर घराकडे चालले होते. दिल्लीत ऊन आहे का ते बघायचं होतं.

२४ जानेवारी, सोमवार, दिल्ली

काल परतलो. कढीपत्ता ठीक आहे. माझ्या नळ्या तिसऱ्याच दिवशी तुंबल्या होत्या, पाणी खुराना भाभींनी घातलं. हे त्यांनी हसत हसत सांगितलं, वर "भाईसाहब, आपका कैमरा बहुत बढ़िया है, मैं रोज़ उसको नमस्ते करती थी" असंही म्हणाल्या. फ्रिजरमध्ये आमच्या वाटणीचे चार किलो मटार सोलून ठेवले आहेत.

सिस्टिम काढून टाकणार होतो. अरुणा म्हणाली, "असू दे. लागलंय तर लागलंय." आतला कॅमेरा मात्र काढला. तो पुण्याला अनिशकडे धाडतोय, डायनिंग टेबलापाशी लावायला. तनया तिथे बसून अभ्यास करते. या खेपेला अनिशला, रुचिराला आणि तनयालाही आधी विचारलं. तनयाची अट आहे की गणित चुकलं तर आजोबांनी फोन करायचा नाही.

टायमर काढला. बल्बही काढला.

साडेदहाला ऊन आलं. अरुणाने खुर्च्या काढल्या: एक, दोन, तीन. मी आत कॉम्प्युटरपुढे बसून सेटिंगमधलं चित्र उघडलं. नोव्हेंबरात रंगवलेला काळा भाग तसाच होता, माझ्या बायकोच्या बरोब्बर आकाराचा. तो पुसायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग चौथी खुर्ची घेऊन बाहेर गेलो. खुराना भाभींनी एक परात माझ्या मांडीवर ठेवली. मला मटार नीट सोलता येत नाहीत, निम्मे दाणे उडतात. अरुणा म्हणाली, "शिकाल."

२८ जानेवारी, शुक्रवार

डिस्क चार दिवसांत भरली. भरू दे.